भोंग्यापासून पाच वॅटपर्यंत

रत्नागिरीत ॲम्प्लिफायर म्हटले की आधी मंडपवाला आठवतो, गिटारवाला नंतर. पत्र्याची जड पेटी, पुढे काळ्या बटणांची रांग, मागे वायरींचा गुंता आणि माडाला किंवा बांबूला बांधलेला भोंगा. सत्यनारायणाची पूजा असो, नमन-खेळे असोत, निवडणुकीची सभा असो की मळ्यातल्या क्रिकेटच्या मॅचेस, पेटी तीच. तिच्या मालकाला लोक एकच प्रश्न विचारत आले: "किती वॅटचा आहे?" उत्तर जितके मोठे, तितकी सुपारी मोठी.

आज याच गावात कुणी कॉलेजातला मुलगा घरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार किंवा बेस रेकॉर्ड करायला बसतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हाच प्रश्न येतो. काम मात्र उलटे असते. आवाज वाडीभर पोचवायचा नसतो, तो दहा बाय बाराच्या खोलीतून संगणकात न्यायचा असतो, आणि तोही शेजारच्या आजी झोपलेल्या असताना. वॅट मोजायची ही सवय मंडपातून घरात कशी आली, हे पाहायला नव्वदहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१९३१ हे साल या गोष्टीला सोयीचे आहे. त्या वर्षी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे 'संगीत संन्यस्त खड्ग' मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटकमंडळीचा गायक तेव्हा उघड्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. ऑर्गन आणि तबला यांच्या वर चढून, मायक्रोफोनशिवाय. त्याच वर्षी कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीचे ध्वनिवर्धक लागले आणि पुढाऱ्याचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाऊ लागला. आणि तिकडे कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर या दोघांनी तारांखाली लोहचुंबक आणि वेटोळे, म्हणजेच पिकअप, बसवून मांडीवर ठेवून वाजवायची विजेची हवाईयन गिटार जुळवली. तिचा आकार पाहून लोकांनी तिला 'तवा' म्हणायला सुरुवात केली.

यातला ध्वनिवर्धक आपल्याकडे आधी रुजला आणि विजेची गिटार उशिरा, इथेच पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. ध्वनिवर्धक आपल्याकडे भाषणासाठी आला. भाषणाला मधला पट्टा पुरतो: शब्द कळले, काम झाले. भोंग्याची रचनाच तशी. लहानशा पडद्याचा आवाज दुमडलेल्या शिंगातून बाहेर काढला की थोड्या विजेत तो फार लांब जातो, पण खालचे खर्ज सूर त्या शिंगात मावत नाहीत आणि वरची नाजूक धारही बोथट होते. लांबच्या भोंग्यापर्यंत वायर ओढताना वीज वाटेत मुरू नये म्हणून या पेट्यांना शंभर व्होल्टची खास लाइन असते. मंडपवाल्याला ही सोय वरदान होती. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या तिच्या पेट्यांनी वीज न पोचलेल्या वाड्यांतही लग्ने गाजवली. संगीतासाठी वेगळा ॲम्प्लिफायर असतो, त्याचा स्वतःचा सूर असतो आणि वादक तो सूर वाद्याइतकाच निवडून घेतो, ही कल्पना या धंद्याच्या वाटेत कुठे आलीच नाही.

ती आली असती तर रेडिओच्या वाटेने. १९५० आणि ६० च्या दशकांत ज्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा रेडिओग्राम होता, त्या घरात खरे तर एक बऱ्यापैकी गिटार ॲम्प्लिफायरच होता. ईएल ८४ नावाचा बोटभर उंचीचा व्हॉल्व्ह फिलिप्सने १९५० च्या दशकात बाजारात आणला आणि पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीने याच व्हॉल्व्हचे चार नग घेऊन एसी ३० नावाचा तीस वॅटचा ॲम्प केला. बीटल्सच्या सुरुवातीच्या काळातल्या गिटारी त्यातून वाजत. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल ८४ आज परदेशातले शौकीन शोधून शोधून घेतात, आणि आपल्याकडे ते रेडिओसकट भंगारात गेले.

त्या रेडिओंच्या पाठीला ग्रामोफोन जोडायचे एक भोक असे. त्यात गिटारची वायर घालण्याचा उद्योग जगभर झाला. मात्र जुना रेडिओ सापडला म्हणून आज कुणी तसे करू नये: एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या अनेक संचांची आतली पत्र्याची चौकट थेट मेन्सला जोडलेली असे. गिटारच्या तारा त्या चौकटीला जोडल्या जातात आणि वादकाचा हात तारांवर असतो.

मराठी मध्यमवर्गात गिटार आली तीही मांडीवरची. लखनौचे व्हॅन शिप्ले मुंबईत येऊन विजेच्या हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवू लागले, त्यांच्या तबकड्या एचएमव्हीने काढल्या, आणि त्यांच्या साथीला अनेकदा पुण्याचे इनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियनवर असत. या तबकड्यांमुळे गिटार म्हणजे गळ्याची नक्कल करणारे वाद्य, असा समज पक्का झाला. तो वाईट नव्हता, पण अशा गिटारला स्वच्छ, न फाटणारा आवाज पुरत होता. ॲम्पला हवा तसा फाटू द्यायचा विचार त्यात नव्हता.

कोकणात मात्र विजेचे तंतुवाद्य गिटारच्या रूपाने कमी आणि बेंजोच्या रूपाने जास्त आले. आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतले चामडे ताणलेले वाद्य नव्हे. तो मूळचा बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ जपानमधल्या नागोयाचे: १९१२ मध्ये तिथे तयार झालेले ताइशोगोतो हे टाइपरायटरसारख्या कळांचे वाद्य समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले आणि इथलेच झाले. कुणीतरी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, वायर अहुजाच्या पेटीत गेली, पेटी हातगाडीवर किंवा टेम्पोत चढली आणि बेंजो पार्टी जन्माला आली. चाकरमान्यांबरोबर ती गिरगाव-लालबागहून कोकणात आणि कोकणातून परत मुंबईला अशी येरझाऱ्या घालत राहिली. गणपती आणताना, हळदीला, वरातीत वाजणारा तो कर्कश, किंचित फाटलेला, नाकातून आल्यासारखा सूर ज्याने ऐकला आहे, त्याला इलेक्ट्रिक गिटारच्या 'डिस्टॉर्शन'ची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. फेंडर किंवा मार्शल या ॲम्प-कंपन्यांचे नावही न ऐकलेल्या वादकांनी भोंगा त्याच्या कुवतीबाहेर ढकलून तो सूर मिळवला. संगीतसमीक्षकांनी बेंजोकडे नाक मुरडले, आणि त्यामुळे या वाद्याच्या तांत्रिक इतिहासाची नीट नोंद कुणी केली नाही. ही हेळसांड अजूनही भरून निघालेली नाही.

बेसची कथा याहून वेगळी. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि तो वाजणार कशातून म्हणून दुसऱ्या वर्षी बासमन नावाचा ॲम्प. गंमत अशी, की बेससाठी बनवलेला हा ॲम्प बेसपेक्षा गिटारला जास्त शोभला. दहा वर्षांनी लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने त्याच बासमनची आखणी समोर ठेवून आपला पहिला ॲम्प, जेटीएम ४५, बांधून घेतला, आणि रॉक संगीताचा ठरलेला गिटार-आवाज तिथून निघाला. म्हणजे पेटीवर कशासाठी म्हणून लिहिले आहे, यावरून ती कशाला चांगली हे ठरत नाही.

हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बेस गिटार १९६० च्या दशकात स्थिरावली; टोनी वाझ, चरणजित सिंग ही त्या वाद्याची मोठी नावे. ती स्टुडिओची गोष्ट झाली. ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरू लागले, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी बेसवाल्याला कोण ॲम्प देणार? परदेशी ॲम्प आणायचा तर आयात परवाना आणि जकात. १९९१ पर्यंत तो रस्ता जवळपास बंद. ज्यांच्या घरचा माणूस बोटीवर होता त्यांचेच नशीब, आणि रत्नागिरी जिल्ह्यातून सारंग-खलाशी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर जात आले असल्याने असे नशीबवान इथे अगदीच विरळ नव्हते. बाकीच्यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड होता. तिथून २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी आणून रेडिओ दुरुस्तीवाला ॲम्प जुळवून देई. तोही नसेल तर बेसची वायर सरळ ध्वनिक्षेपणाच्या मिक्सरमध्ये खुपसायची आणि पुढचे साउंडवाल्यावर सोपवायचे.

ही नाइलाजाची युक्ती जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बेस रेकॉर्डिंगची पद्धत होती. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन याने १९६० च्या दशकात जी अजरामर बेसची कामे केली, त्यांतली बरीचशी ॲम्पशिवाय, वायर थेट स्टुडिओच्या मिक्सिंग टेबलात घालून केलेली आहेत. कार्यक्रमात तो अँपेगचा बी-१५ ॲम्प वापरी. रेकॉर्डिंगला त्याची गरज पडत नसे.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस फूट. बारा फुटांच्या खोलीत ती मोकळी पसरूच शकत नाही. भिंतींवर आपटून एका जागी दुप्पट होते, दुसऱ्या जागी नाहीशी. मग माइक कुठेही ठेवा, काही सूर ढोलासारखे घुमतात, काही ऐकू येत नाहीत. वायर सरळ मिक्सरमध्ये किंवा आजच्या भाषेत ऑडिओ इंटरफेसमध्ये घातली की खोलीच मधून निघून जाते. गिटारला मात्र हे तसेच्या तसे लागू होत नाही. गिटार ॲम्पचा स्पीकर पाच हजार कंपनांच्या वरचा बराचसा भाग गाळून टाकतो. ती गाळणी काढून गिटार थेट नोंदवली तर डासासारखी किरकिर ऐकू येते. बेंजो भोंग्यातून बरा वाजला तो याच कारणाने: भोंगासुद्धा एक गाळणीच आहे.

घरी रेकॉर्डिंग करण्याची सवय कोकणाला लागली ती स्टुडिओमुळे नव्हे, आखातामुळे. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला आणि रत्नागिरी, खेड, दापोली, चिपळूण भागातले लोक कुवेत, बहारीन, दुबई, सौदीला गेले. परत येताना हातात टू-इन-वन. रेडिओ आणि कॅसेट एकात, शिवाय पुढच्या जाळीमागे लहानसा माइक. पत्राऐवजी आवाज भरलेली कॅसेट पाठवायची पद्धत पडली. शक्ती-तुऱ्याचे सामने, भजनाच्या बाऱ्या, नातवाचे बोबडे बोल असे सगळे त्यात भरले जाई. त्या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था असे. मोठा आवाज आला की ते स्वतःच मान खाली घाली. त्यामुळे टू-इन-वनसमोर अहुजाची पेटी पूर्ण सोडून गिटार वाजवणाऱ्याला कॅसेटवर नुसता भरडा मिळे आणि तोच दूर बसून हळू वाजवी, तेव्हा सूर स्वच्छ उतरे. हळू वाजवून रेकॉर्डिंग मोठे करता येते, हा धडा तेव्हाच शिकता आला असता. शिकले फार थोडे.

आता विजेकडे वळायला हवे, कारण रत्नागिरीत ॲम्प निवडणे हे बऱ्याच अंशी वीज निवडणे आहे. या जिल्ह्याचे विजेशी नाते मोठे विचित्र. कोयनेचे पाणी सह्याद्री पोखरून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरते आणि १९६२ पासून तिथे वीज होते. गुहागर तालुक्यात दाभोळचा बहुचर्चित वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये थांबला. दोन-दोन वीजघरे अंगणात असूनही गावच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी व्होल्टेज पडायचे ते पडतच राहिले. व्हॉल्व्हच्या ॲम्पला पडलेले व्होल्टेज लगेच जाणवते. त्याचा सूर मऊ आणि मलूल होतो. अमेरिकेतून पुतण्याने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातला तर त्याची कथा तिथेच संपते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले, आणि स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेने गिटारमध्ये जी घरघर भरली ती कुठल्याही महागड्या ॲम्पने गेली नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर मंडणगड-दापोलीच्या अनेक गावांत वीजच नव्हती.

अर्थिंग हा आणखी एक घोळ. सड्यावरचे घर म्हणजे खाली कातळ. कातळात अर्थिंगचा खड्डा नीट लागत नाही, पावसाळ्यात चालतो, मेमध्ये कोरडा पडतो. मग पन्नास कंपनांची 'हम्म' सुरू होते, बोटे तारांना लागली की कमी होते, सोडली की वाढते. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर लावला की तिच्यात भर. यावर काही जण ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. हा उपाय जिवावरचा आहे, तो कुणीही करू नये. वाद्य थेट मिक्सरला जोडणारा, ट्रान्सफॉर्मर असलेला लहानसा डीआय बॉक्स मध्ये घातला, की अर्थची वायर आवाजाच्या वाटेपुरती तोडता येते आणि जीवही शाबूत राहतो.

हवा आणि घर यांचाही वाटा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाजूला खारा वारा. दोन पावसाळे उघड्यावर काढलेल्या ॲम्पची बटणे फिरवली की खरखरतात, जॅकवर हिरवट थर बसतो, स्पीकरचा कागद दमट होऊन सैलावतो. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत आवाज उत्तम अडवते; इतकी, की मुंबईच्या फ्लॅटमधल्या वादकाला हेवा वाटावा. पण वर मंगलोरी कौले असतात आणि कौलांच्या फटींतून सगळा आवाज वाडीत जातो. उलट जुलैत पत्र्याच्या पडवीखाली माइक लावला तर रेकॉर्ड होतो तो पाऊस.

शेजाऱ्यांचा हक्क कायद्यातही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागी ध्वनिवर्धक बंद. मिरवणुकीच्या संदर्भात हे आकडे सर्वांना पाठ झाले. घरातल्या ॲम्पच्या संदर्भात कुणी लावून पाहत नाही. सामान्य गिटार स्पीकर एका वॅटला एक मीटरवर शंभराच्या आसपास डेसिबल देतो. म्हणजे एक वॅटसुद्धा खोलीत कान दुखवायला पुरतो. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त तीन डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या ॲम्पपेक्षा फक्त दुप्पट मोठा वाटतो, आणि घरात त्याचे बटण एकाच्या पुढे नेता येत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प तर जोर लागल्याशिवाय खुलतच नाही, त्यामुळे मोठा ॲम्प घरात कायम अर्धा झोपलेलाच राहतो.

मोठ्या स्टुडिओतल्या लोकांना हे ठाऊक होते. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवरची गिटार डोंगर कोसळल्यासारखी वाटते. बँडचा गिटारवादक जिमी पेज याने त्यासाठी सुप्रो कंपनीचा एक लहानसा ॲम्प वापरला होता. माइक जवळ धरला की लहान स्पीकरसुद्धा भिंतीएवढा ऐकू येतो. त्यासाठी शूरचा एसएम ५७ हा १९६५ पासून बनत असलेला साधा माइक आजही पुरतो, आणि मंडपवाल्याकडे त्याच घराण्यातला एखादा माइक बहुधा असतोच.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि मुंबईच्या धोबी तलावावरचे, १८६५ पासून चालत आलेले फुर्ताडोसचे दुकान रत्नागिरीला एका रात्रीच्या अंतरावर आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या लाइन ६ कंपनीने पॉड नावाचे राजम्यासारख्या घाटाचे लाल यंत्र काढले, ज्यात फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांचे सूर गणिताने उतरवलेले होते. आज तेच गणित संगणकात, काही वेळा फुकट मिळते. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा मुक्त प्रोग्राम खऱ्या ॲम्पचा सूर शिकून घेतो आणि इअरफोनमध्ये परत देतो. जुन्या वळणाचे वादक याला खोटे म्हणतात. पण पावसाळी रात्री, वीज ये-जा करत असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर एसी ३० चा सूर मिळत असेल, तर निदान रत्नागिरीत तरी ही तक्रार टिकत नाही.

तेव्हा इथे घरी रेकॉर्ड करू पाहणाऱ्याने बेससाठी ॲम्प घेऊच नये. डीआय बॉक्स किंवा इंटरफेस घ्यावा. गिटारसाठी संगणकातला ॲम्प पुरे. खरी पेटी हवीच असेल तर एक ते पाच वॅटची, आठ किंवा दहा इंची स्पीकरची घ्यावी, भोवती दोन गोधड्या टाकाव्यात आणि पावसाळ्यात ती सिलिका जेलसह बंद कपाटात ठेवावी. या सगळ्याच्या आधी मात्र परवानाधारक वायरमन बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तेही मे महिन्यात, जमीन कोरडी असताना.